विरजण आहे, दूध आटलंय

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. मी हडपसरला राहते, वय ५०. मला २००९ पासून एचआयव्ही आहे. मिस्टर निगेटिव्ह आहेत. गोळ्या एक दिवसही चुकवलेल्या नाहीत. गेल्या वर्षी आणि यंदा, दोन्ही वेळेला व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर खालच्या जागी कोरडं पडायला लागलं, आग होते, अंगावरून पातळ पिवळट जातं, वास येतो. लघवीला जळजळतं, वर्षात दोनदा युरिन इन्फेक्शन निघालं. मेडिकलवाल्याने गोळ्यांचं किट दिलं. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. एका मैत्रिणीने तुरटीचं पाणी सांगितलं, मग मी इंटिमेट वॉश आणला. दिवसातून तीन वेळा धुते. दुसरी म्हणाली, दही लाव. ते मात्र केलं नाही.

एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, रांग असते, तिथे हे विचारायची लाज वाटते. पूर्वी एका दवाखान्यात आजाराचं खरं सांगितलं, तर मला सगळ्यांच्या शेवटी बसवलं आणि न तपासताच औषध लिहून दिलं. म्हणून आताच्या डॉक्टरबाईंना मी ते सांगितलेलंच नाही. त्यांनी कॅल्शियम दिलं आणि ‘वयाचं आहे’ म्हणाल्या. मला वाटतं आजार परत वर येतोय. हा वास त्याचाच असेल का? दोन वर्षं मी मिस्टरांना जवळ येऊ दिलेलं नाही. ते काही बोलत नाहीत.

ता. क. घरात नवी सून आली आहे. माझे आतले कपडे मी वेगळे, उकळत्या पाण्यात धुते. तिच्या ते लक्षात आलंय. एकत्र धुतले तर चालेल का?

— एक वाचक

उत्तर

ताई, पत्रातल्या ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली असणार, त्याचं उत्तर आधी देते. तो वास विषाणूचा नाही. एचआयव्हीला वास नसतो. तुमच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा सापडत नाही, हे दोन वर्षांचे रिपोर्ट सांगताहेत. आजार वर येत असता तर तो आधी तिथे दिसला असता. तुमच्या शरीरात दोन वर्षांपूर्वी एक वेगळीच गोष्ट बदलली, आणि ती तुमच्या डॉक्टरबाई म्हणतात तशी खरंच ‘वयाची’ आहे. पण वयाची आहे म्हणून तिच्यावर उपाय नाही, हे मला मुळीच मान्य नाही. वयानुसार डोळ्यांना चाळिशी लागते, तेव्हा आपण चष्मा करून घेतोच की.

तुमच्या मैत्रिणीचा दह्याचा सल्ला चुकीचा आहे, पण तो आला कुठून हे मला कळतं. तिथूनच सुरुवात करते.

पाळी येत असते त्या वयात योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू मोठ्या संख्येने राहतात. १८९२ साली डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं, म्हणजे ही माहिती काही कालची नाही. दह्यातही याच कुळातले जिवाणू असतात आणि दोघांचं कामही एकच, साखर खायची आणि लॅक्टिक आम्ल तयार करायचं. दही आंबट होतं ते त्यामुळे. योनीमार्गातही त्याच आम्लामुळे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राहतो. इतक्या आंबट जागेत बाकीच्या जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत.

आता या जिवाणूंना साखर कोण पुरवतं? इस्ट्रोजेन. अंडाशयातून येणाऱ्या या हॉर्मोनमुळे योनीमार्गाचं अस्तर जाड राहतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा तयार होतो. पेशी झडतात, तो साठा फुटून त्याची साधी साखर होते आणि जिवाणूंचं पोट भरतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ पडतं, ग्लायकोजेन आटतं. विरजण थोडंफार शिल्लक असतंही, पण पातेल्यात दूधच नाही, तर लागणार काय? आंबटपणा जातो, पीएच ५ च्या वर चढतो आणि गार्डनरेला, प्रिव्होटेला अशा एरवी कोपऱ्यात बसणाऱ्या जिवाणूंना, शिवाय आतड्याकडून येणाऱ्या ई-कोलायला मोकळं रान मिळतं. वास त्यातल्या काहींमुळे येतो. लघवीची जळजळही इथलीच, कारण मूत्रमार्गाचं तोंड शेजारीच आहे आणि त्याचं अस्तरही इस्ट्रोजेनवरच जगतं. कोरडेपणा, आग, स्राव आणि लघवीचा त्रास ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. म्हणूनच २०१४ साली डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं. नाव लांबलचक आहे, ते सोडा. पूर्वीच्या नावात फक्त ‘योनी सुकणं’ होतं, आताच्या नावात मूत्रमार्गही आला, एवढं लक्षात ठेवा.

मग दही का लावायचं नाही? कारण कुळ एक असलं तरी घराणं वेगळं आहे. दह्यातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले असतात. योनीमार्गात जे राखण करतात, त्यातला सगळ्यात भरवशाचा क्रिस्पेटस नावाचा, तो घरच्या दह्यात नसतो. शिवाय वरून विरजण घालून आतलं दूध वाढत नाही. तुम्ही त्या बाबतीत शहाणपणा केलात. दही जेवणात घ्या.

आता तुमच्या आजाराचा भाग. पाळी जाणं आणि एचआयव्ही या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याकडे फार उशिरा लक्ष गेलं, आणि त्याचं कारण मला अजून टोचतं. मी पुण्यात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा, नव्वदच्या दशकात, अशा बायका पाळी जाण्याच्या वयापर्यंत पोचतील अशी आम्हा डॉक्टरांचीही अपेक्षा नव्हती. भोसरीला एड्सवरची राष्ट्रीय संशोधन संस्था, जिला पुणेकर ‘नारी’ म्हणतात, ती १९९२ ला सुरू झाली होती, पण रुग्णाच्या हातात द्यायला फारसं काही नव्हतं. सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून. ज्या बायकांनी तेव्हा आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गोळ्या सुरू केल्या, त्या आता पन्नाशी-साठीच्या झाल्या आहेत, आजी झाल्या आहेत. तुम्हीही त्यातल्याच. पण एआरटी सेंटरचा कागद अजून विचारतो गोळ्या किती उरल्या, वजन किती, खोकला आहे का. पाळी गेली का, हे त्यावर क्वचितच असतं.

अमेरिकेत १९९३ मध्ये ‘वुमेन्स इंटरएजन्सी एचआयव्ही स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या हजारो बायकांना त्यात वर्षानुवर्षं तपासलं गेलं. अशा अभ्यासांतून जे चित्र उभं राहतं ते थोडक्यात असं. एचआयव्ही असलेल्या बायकांत लॅक्टोबॅसिलसचं राज्य मुळातच जरा डळमळीत असतं. प्रतिकारशक्ती खाली गेलेली असली तर जिवाणूंचा बिघाड एकदा झाला की लवकर हटत नाही. त्यावर पाळी गेली की उरलंसुरलं राज्यही जातं आणि अनेक जातींच्या जिवाणूंची सरमिसळ माजते. शिवाय एचआयव्ही असलेल्या काही बायकांची पाळी इतरांपेक्षा लवकर जाते. आपल्याकडे मुळातच ती सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे तुमचं काही जगावेगळं चाललेलं नाही. उलट तुमच्या गोळ्या नियमित आहेत, हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

या बिघाडाची चिंता का करायची? एक तर त्रास होतो म्हणून, आणि ते कारण माझ्या मते पुरेसं आहे. दुसरं कारण गर्भाशयाच्या तोंडाचं आहे. एचपीव्ही नावाचा दुसरा एक विषाणू असतो, तो बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि आपोआप जातोही. लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या जागी तो जास्त काळ रेंगाळताना दिसतो. रेंगाळला तर वर्षांनंतर कॅन्सर होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. घाबरवायला हे लिहीत नाही. हा कॅन्सर कॅन्सर व्हायच्या आधी सापडतो आणि तेव्हाच थांबवता येतो, म्हणून लिहिते. तुमच्या पत्रात तपासणीचा एक शब्दही नाही, त्यावरून ती झालेली नसावी असा माझा अंदाज. एचआयव्ही असलेल्या बायकांनी ती दर तीन ते पाच वर्षांनी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यातही पाळी गेलेल्या बाईसाठी एक मेख आहे. शिबिरांत व्हिनेगरसारखं ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची जी तपासणी करतात, ती स्वस्त आहे, चांगली आहे. पण पाळी गेल्यावर जो भाग पाहायचा तोच आत सरकतो, दिसत नाही. म्हणून तुम्ही एचपीव्हीची डीएनए तपासणी मागा, ती मिळाली नाही तर पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी काचेवर घेऊन करायची तपासणी. स्मिअरच्या रिपोर्टात ‘ॲट्रॉफिक’ असा शब्द आला तर दचकू नका, तो पातळ पडलेल्या अस्तराबद्दल आहे. पातळ अस्तरामुळे कधीकधी पेशी उगाच संशयास्पद दिसतात. मग काही आठवडे इस्ट्रोजेन क्रीम लावून स्मिअर पुन्हा घेतात. (आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने एचपीव्हीची देशी लस काढली आहे. ती मुख्यतः लहान मुलींसाठी. तुमच्या वयाला तपासणीच महत्त्वाची. पुढेमागे नात झाली तर तिच्यासाठी लस लक्षात ठेवा.)

आता किटबद्दल. मेडिकलवाल्याने दिलेलं किट बहुधा सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोलचं असणार. सरकारी दवाखान्यात अंगावरून जाण्यासाठी जे हिरवं किट देतात, त्यातही हीच दोन औषधं असतात. एक जिवाणूंवर आणि ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीवर चालतं, दुसरं बुरशीवर. वाढलेले जिवाणू मेले की आठ दिवस बरं वाटतं. पण रिकामी झालेली जागा भरायला लॅक्टोबॅसिलस येत नाहीत, कारण त्यांना खायला काही नाही. मग पुन्हा तेच पाहुणे. चौथं किट घेऊ नका.

याचा अर्थ तुम्हाला जंतुसंसर्ग नाहीच असं मी घरबसल्या ठरवत नाही. ट्रायकोमोनास असू शकतो, खरी बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे जिवाणूंच्या बिघाडाचा आजार, असू शकते. ट्रायकोमोनास निघाला तर एका डोसावर भागवू नका, सात दिवसांचा कोर्स लागतो आणि मिस्टरांनाही औषध घ्यावं लागतं. पण हे ठरतं सूक्ष्मदर्शकाखाली, आणि पाळी गेलेल्या बाईत तिथेही चकवा आहे. जिवाणूंचा बिघाड ओळखताना पीएच ४.५ च्या वर आहे का, लॅक्टोबॅसिलस कमी दिसतात का, हे पाहतात. पाळी गेलेल्या बहुतेक निरोगी बायकांत या दोन्ही गोष्टी असतातच! त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर ‘इन्फेक्शन’ म्हटलं की औषधांचं दळण सुरू. डॉक्टरांनी स्पेक्युलम नावाचं उपकरण लावून अस्तर पाहायला हवं. ते फिकट, गुळगुळीत, हात लागताच रक्त येण्याइतकं नाजूक आहे का ते पाहायला हवं, आणि स्राव काचेवर घ्यायला हवा. न तपासता लिहिलेलं औषध तुम्ही एकदा भोगलं आहे.

धुणं आजपासून बंद. तुरटी, इंटिमेट वॉश, अँटिसेप्टिक, सगळं बाहेर काढा. तुरटी तर आधीच कोरडी पडलेली जागा आणखी आवळते. योनीमार्ग आतून धुवायचा नसतोच. बाहेरून आंघोळीच्या वेळी साध्या पाण्याने धुतलं की झालं. वासाच्या भीतीने आपण जितकं धुतो तितकं उरलेलं विरजणही वाहून जातं, आणि वास वाढतो. तीन वेळा धुणारी बाई अस्वच्छ असूच शकत नाही, ताई. तुम्ही फार स्वच्छ आहात, त्रास त्याचाही आहे.

उपायांत मला सगळ्यात पटणारा म्हणजे योनीत लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेन, क्रीम किंवा छोटी गोळी. १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, जुना आहे पण मला फार आवडतो. वारंवार युरिन इन्फेक्शन होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ बायका. काहींना इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्याच प्रकाराचं क्रीम, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, दुसऱ्या गटाला ५.९ वेळा. सुरुवातीला एकीतही लॅक्टोबॅसिलस सापडले नव्हते. महिनाभरात क्रीमवाल्यांपैकी ६१ टक्के बायकांत ते परत आले, पीएच ५.५ वरून ४ च्या खाली उतरला. बिनऔषधाच्या गटात एकीतही आले नाहीत. बाहेरून एकही जिवाणू घातला नव्हता, बरं का. नुसतं दूध परत आलं आणि विरजण आपोआप लागलं. तो अभ्यास एचआयव्ही असलेल्या बायकांवरचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण अस्तर आणि ग्लायकोजेनचं गणित तुमच्यातही तेच आहे.

दुसरी बाजूही सांगते. २०१८ साली अमेरिकेत ३०२ बायकांवर केलेल्या चाचणीत कोरडेपणा आणि दुखणं यांत इस्ट्रोजेनची गोळी, बाजारातलं मॉइश्चरायझर आणि साधं जेल, तिन्हींनी जवळपास सारखाच आराम दिला. म्हणजे कोणाला हॉर्मोन नको असेल तर नुसतं मॉइश्चरायझरही लावून पाहण्यासारखं आहे. पण लॅक्टोबॅसिलस परतले ते इस्ट्रोजेनवाल्या गटात कितीतरी जास्त. तुम्हाला वास आणि युरिन इन्फेक्शनही आहे, म्हणून तुमच्या बाबतीत माझा कल क्रीमकडे आहे.

‘हॉर्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती तुमच्या मनात आली असेल. इथे डोस अगदी थोडा असतो आणि रक्तात फारच कमी उतरतो. सहसा दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावायचं असतं. फरक पडायला काही आठवडे लागतात, पूर्ण फायदा दिसायला तीन महिने. चार दिवसांत ट्यूब फेकू नका. मात्र तुम्हाला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, किंवा पाळी गेल्यानंतर एकदाही, अगदी डाग पडण्याएवढं जरी रक्त गेलं असेल, तर क्रीमच्या आधी ते सांगा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर गेलेलं रक्त तपासल्याशिवाय सोडायचं नसतं.

तुमच्या एआरटीच्या गोळ्यांना क्रीमची अडचण नाही. सध्या बहुतेकांना टीएलडी नावाची तीन औषधांची एक गोळी मिळते, त्यात डोल्युटेग्राविर असतं. अडचण आहे ती डॉक्टरबाईंनी दिलेल्या कॅल्शियमची! उपाशीपोटी कॅल्शियम आणि डोल्युटेग्राविर एकत्र पोटात गेलं तर कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं पांढरं औषध यांचंही तेच. म्हणून टीएलडी कॅल्शियमच्या दोन तास आधी घ्यायची किंवा सहा तास नंतर. टीएलडी आणि कॅल्शियम एकत्रच घ्यायची असतील तर भरल्या पोटी, जेवणाबरोबर; ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सूट नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही एआरटी सेंटरला सांगा, त्याचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो. कॅल्शियम थांबवू नका. पाळी गेल्याने हाडं विरळ होतात आणि टीएलडीतल्या टेनोफोविरचाही हाडांवर थोडा परिणाम असतो, तेव्हा कॅल्शियम तुम्हाला हवंच आहे. फक्त वेळ सांभाळा.

पाहा, तुमच्या डॉक्टरबाईंची यात चूक नाही. त्यांना टीएलडीची माहितीच नव्हती. आणि एआरटी सेंटरला कॅल्शियमची नाही. तुमच्या आजाराची फाइल एका खोलीत, पाळीची दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांत ये-जा करणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्ही न सांगता हे जुळणार कसं?

मी हे सोपं आहे असं म्हणत नाही. शेवटी बसवून, हात न लावता परत पाठवलं गेल्यावर पुन्हा तोंड उघडायला किती बळ लागतं, ते मी माझ्या टेबलासमोर पाहिलेलं आहे. पण आता कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं त्यानुसार बेकायदा आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती कुणाला सांगता येत नाही. पहिला प्रयत्न एआरटी सेंटरपासून करा. तिथे वेगळं काही ‘सांगायचं’ नसतं, त्यांना माहीतच आहे. काऊन्सेलर मॅडमना रांगेत विचारू नका, गोळ्या घेऊन झाल्यावर ‘दोन मिनिटं आत येऊ का?’ म्हणा. त्याच रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी मागा. ससूनला किंवा पिंपरीच्या वायसीएमला हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. कुठे जायचं सुचलं नाही तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे नावही सांगावं लागत नाही.

तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर कागदावर लिहून न्या: पाळी जाऊन दोन वर्षं, टीएलडी चालू, व्हायरल लोड ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, आग, वास, वर्षात दोनदा युरिन इन्फेक्शन, तीन किट घेतली, स्मिअर कधी केला नाही. कागद टेबलावर ठेवला तरी पुरे. आणि घरून निघताना तीन वेळा धुऊन जाऊ नका, नाहीतर काचेवर काही सापडणार नाही.

आता मिस्टरांबद्दल. तुम्ही त्यांना विषाणूपासून वाचवायला दूर ठेवलं आहे, असं मला पत्रावरून वाटतं. युरोपात ८८८ जोडप्यांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडप्यात एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड गोळ्यांनी दाबलेला. कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले. जोडीदाराकडून जोडीदाराला झालेल्या लागणी किती? शून्य. त्यातल्या काहींना दुसरे गुप्तरोगही होते, तरी शून्य. रक्तात विषाणू सापडत नसताना योनीस्रावात कधीमधी त्याचे अंश मिळू शकतात, हे खरं आहे. जिवाणूंचा बिघाड असला की जास्त. तुमच्या भीतीचं मूळ कदाचित असंच काही कुठेतरी वाचलेलं असेल. पण शेवटी मोजायची ती माणसांना झालेली लागण, आणि ती शून्य निघाली. गोळ्या चालू ठेवा, वर्षाचा व्हायरल लोड चुकवू नका. कंडोम वापरायचा की नाही ते तुम्ही दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवा. वापरणार असाल तर खोबरेल तेल नको, त्याने कंडोम फाटतो. पाण्यावर आधारलेलं जेल घ्या. काही क्रीमनेही रबर कमकुवत होतं, म्हणून क्रीमची रात्र वेगळी ठेवा.

ही झाली विषाणूची बाजू. पण कोरड्या जागी दुखत असताना जवळ या, असं मी मुळीच सांगणार नाही. आधी दोन-तीन महिने उपचार होऊ द्या. तोवर त्यांना एवढं तरी सांगा की मी तुमच्यापासून लांब राहते ती दुखतं म्हणून आणि घाबरते म्हणून. दोन वर्षं न बोलणाऱ्या नवऱ्याने स्वतःच्या मनात काय कारण धरलं असेल, कोण जाणे. माझ्याकडे येणारे बरेच नवरे ‘हिला आता मी नकोसा झालोय’ इथवर पोचलेले असतात. त्यांना इस्ट्रोजेनबद्दल कुणी सांगितलेलं नसतं.

आणि ता. क. मधलं. कपड्यांतून एचआयव्ही पसरत नाही, एकत्र धुतल्याने तर नाहीच. उकळतं पाणी नको, वेगळी बादली नको. सगळ्यांचे कपडे एकत्र मशीनमध्ये टाका, आणि वाळत घालायचं काम सुनेला सांगा.